मार्शल २२०३ आणि बूगी मार्क टू सी प्लस : दोन जुन्या ॲम्पच्या टोनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे मार्शलच्या जेसीएम ८०० मालिकेतला, १९८०च्या दशकातला २२०३ हा १०० वॅटचा हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) आहे. अमेरिकेत बरीच वर्षे राहून परतलेल्या एका मित्राने येताना मेसा बूगीचा मार्क टू सी प्लस आणला. दोन्ही ॲम्प आळीपाळीने एकाच कॅबिनेटला जोडून आणि बास, मिडल, ट्रेबल हे तिन्ही नॉब पाचावर ठेवून आम्ही वाजवून पाहिले. मार्शल पहिल्याच कॉर्डला अंगावर आला. बूगीचा आवाज मात्र फुगलेला आणि गढूळ वाटला, खालच्या तारांवर तर तो पार विस्कटत होता. ज्या ॲम्पची एवढी ख्याती आहे त्याचा टोन असा का यावा? ॲम्पमध्ये काही बिघाड असेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : चाळीस वर्षांच्या ॲम्पमधले कपॅसिटर सुकलेले असणे किंवा एखादा व्हॉल्व्ह थकलेला असणे अगदी शक्य आहे आणि तेवढी तपासणी जाणकाराकडून करून घ्यावीच; परंतु आपण सांगितलेले लक्षण बिघाडाचे वाटत नाही. मार्क टू सी प्लसचे तिन्ही नॉब पाचावर ठेवून लीड चॅनल (जास्त फाटलेल्या आवाजाचा मार्ग) चालू केला की धडधाकट ॲम्पसुद्धा असाच वाजतो. या दोन ॲम्पमध्ये गेन (सिग्नलची वाढ) कोणाचा जास्त, यावरच बहुतेक चर्चा अडकून पडते. माझ्या मते तो मुद्दा दुय्यम आहे. आवाज फाटण्याच्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या, आधी टोन ठरवला जातो की फाटून झाल्यावर, हा यांच्यातला मूळ फरक आहे आणि आपल्या कानांना जे खटकले त्याचे कारणही तेच आहे.

आधी मार्शल पाहू. २२०३ हे मॉडेल १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूमसह आले आणि १९८१ मध्ये जेसीएम ८०० मालिका निघाली तेव्हा तेच सर्किट नव्या रूपात पुढे चालू राहिले. 'हाय' इनपुटमधून आलेला सिग्नल पहिल्या टप्प्यात (सिग्नल वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या सर्किटात) वाढतो, मग 'प्रीॲम्प' नॉबमधून दुसऱ्या टप्प्यात जातो. या दुसऱ्या टप्प्याचा कॅथोड रेझिस्टर (व्हॉल्व्हमधला प्रवाह ठरवणारा रोध) १० किलोओहमचा आहे. पहिल्या टप्प्यात तो २.७ किलोओहम आहे आणि तिसऱ्यात केवळ ८२० ओहम. रेझिस्टर एवढा मोठा ठेवल्यामुळे दुसरा टप्पा जवळजवळ बंद पडण्याच्या सीमेवर काम करतो आणि लाटेची एक बाजू दुसरीच्या बरीच आधी कापतो. मार्शलच्या आवाजात जी करकरीत, खरखरीत धार ऐकू येते तिचा बराचसा उगम या एका टप्प्यात आहे. त्यानंतर तिसरा टप्पा, मग कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे देणारा टप्पा) आणि एवढे सगळे झाल्यावर बास, मिडल, ट्रेबल. म्हणजे आपण बासचा नॉब फिरवतो तेव्हा आधीच फाटून तयार झालेल्या आवाजाला आकार देत असतो. त्या नॉबने फाटण्याचा पोत बदलत नाही.

बूगीमध्ये क्रम उलटा आहे. पहिल्या व्हॉल्व्हनंतर लगेच ट्रेबल, बास आणि मिडल येतात, मग 'व्हॉल्यूम १', मग दुसरा टप्पा आणि लीड चॅनल चालू असेल तर 'लीड ड्राइव्ह'च्या आगेमागे असलेले आणखी टप्पे. त्यामुळे बासचा नॉब पाचावर ठेवला की ती सगळी बास पुढच्या प्रत्येक टप्प्यात वाढत आणि कापली जात राहते. शिजलेल्या वरणावर वरून फोडणी ओतणे आणि सुरुवातीलाच फोडणी देऊन आमटी उकळणे यांत जिन्नस तेच असले तरी चव एक येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

खालच्या तारा विस्कटण्याचे कारण आकड्यांतून अधिक स्पष्ट होते. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहावी मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि तिच्यावरच्या पॉवर कॉर्डमधला दुसरा स्वर, म्हणजे पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावरचा, सुमारे १२३ हर्ट्झचा असतो. असे दोन स्वर एकाच वेळी फाटणाऱ्या टप्प्यात शिरले की त्यांच्या पटींबरोबरच त्यांची बेरीज आणि वजाबाकीही तयार होते : इकडे सुमारे २०५, तिकडे सुमारे ४१ हर्ट्झ. हा ४१ हर्ट्झचा स्वर गिटारवर कोणी वाजवलेलाच नसतो. तो ॲम्पने निर्माण केलेला असतो. थोडा असेल तर तो कॉर्डला वजन देतो. बास भरपूर ठेवून तीन-चार टप्प्यांतून तो जाऊ दिला तर मात्र प्रत्येक टप्पा त्या जड लाटेमागे फरफटत जातो, वरचे स्वर तिच्याखाली दबतात आणि आपण ज्याला गढूळ म्हणालात तो आवाज मिळतो.

मग मार्शलमध्ये हे का घडत नाही, असे आपण विचाराल. घडते, पण कमी, कारण फाटण्याआधीची बास तिथेही छाटलेली असते. फरक इतकाच की ती किती छाटायची हे कारखान्याने ठरवून टाकले आहे. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवरचा कपॅसिटर अवघा ०.६८ मायक्रोफॅरडचा आहे, त्यामुळे खालच्या स्वरांना वरच्या स्वरांइतकी वाढ मिळत नाही. शिवाय प्रीॲम्प नॉबवर १००० पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर आहे. नॉब अर्ध्यावर असताना वरचे स्वर त्यातून सरळ पुढे जातात आणि खालचे मागे राहतात. प्रीॲम्प पाचावर असताना २२०३ काहीसा पातळ आणि टोकदार का वाटतो आणि नऊ-दहावर नेला की अचानक भरदार का होतो, याचे उत्तर यात आहे, कारण नॉब पूर्ण उघडला की त्या कपॅसिटरचा परिणाम उरत नाही. थोडक्यात, मार्शलने जो निर्णय आपल्या वतीने घेऊन ठेवला आहे, तो बूगीने वाजवणाऱ्याच्या हाती दिला आहे आणि आपण तो पाचावर ठेवलात.

हा फरक दोन्ही ॲम्पना वारशाने मिळाला आहे. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या हॅनवेल इथल्या दुकानात १९६२ मध्ये जो पहिला ॲम्प तयार झाला तो फेंडरच्या बासमनवर बेतलेला होता आणि त्या बासमनमध्ये टोनची नियंत्रणे कॅथोड फॉलोअरनंतर होती. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या चिमुकल्या प्रिन्स्टनच्या पेटीत अधिक ताकदीचे सर्किट आणि १२ इंची स्पीकर कोंबून सुरुवात केली. त्यातून जी मार्क मालिका उभी राहिली तिच्यात मात्र टोनची नियंत्रणे पहिल्या व्हॉल्व्हलगतच राहिली, जशी ती फेंडरच्या १९६०च्या दशकातल्या ॲम्पमध्ये होती. दोघांचे मूळ फेंडरच, पण फांद्या वेगळ्या आणि पुढे दोघांनीही गेनचे टप्पे वाढवत नेले तरी नियंत्रणांची जागा सोडली नाही.

आता बूगी असा लावून पाहा. 'व्हॉल्यूम १' सातच्या आसपास, ट्रेबल सात ते आठ, मिडल तीन-चार, बास एक किंवा फार तर दोन, लीड ड्राइव्ह सहा-सात. या ॲम्पवर ट्रेबलचा नॉब निम्मा गेनचाच नॉब आहे, कारण तो जितका वर तितका जास्त सिग्नल पुढच्या टप्प्यांना मिळतो. त्यामुळे 'ट्रेबल कर्कश वाटेल' या भीतीने तो खाली आणू नये. एवढे केल्यावर आवाज कोरडा, नाकातून आल्यासारखा वाटेल. घाबरू नका. ग्राफिक इक्वलायझर असलेल्या ॲम्पवर ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झच्या पाच पट्ट्या असतात आणि त्या फाटण्याच्या नंतर येतात. ८०ची पट्टी वर आणि ७५०ची खाली करा. आधी काढलेली बास इथे परत मिळते, पण आता ती स्वच्छ, कारण ती कुठल्याच टप्प्याला फरफटत नेत नाही. बूगीचा प्रसिद्ध 'व्ही' आकार तो हाच, आणि या इक्वलायझरशिवायचा टू सी प्लस कोणी विकायला काढला तर जड रिदम वाजवणाऱ्याने चार वेळा विचार करावा असे मला वाटते.

दोन्ही आपापल्या परीने नीट लावल्यावर जो फरक उरतो तोच खरा टोनचा फरक. उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर टेकवून सहावी तार दाबून वाजवा. मार्शलवर पिकचा आघात आधी फुटतो, वरच्या मध्य भागात एक कडकडाट होतो आणि स्वर त्याच्या मागून येतो. प्रत्येक आघाताचा जोर कमी-जास्त केला तर तो जसाच्या तसा ऐकू येतो. बूगीवर आघाताची कड गुळगुळीत होते, स्वर आणि आघात एकजीव निघतात आणि त्याखाली छातीत जाणवणारा एक घट्ट धक्का बसतो जो लगेच थांबतो. सोलोमध्ये हेच उलट्या बाजूने दिसते : बूगीवर एक स्वर धरून ठेवला तर तो व्हायोलिनसारखा टिकतो आणि हळूच वरच्या पटीत चढतो, तर मार्शलवर तो टिकवायला हाताला काम करावे लागते. काहींना ते काम हवे असते. माझा कल रिदमसाठी बूगीकडे आणि बाकी सगळ्यासाठी मार्शलकडे आहे, पण हा कल आहे, निकाल नव्हे.

प्रश्न : दोन ॲम्पची तुलना करताना 'अमुक जास्त भारी वाटतो' यापलीकडे आमचा गट कधी जात नाही. घरच्या घरी करता येईल अशी काटेकोर पद्धत आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे, आणि तिचा निम्मा भाग आवाजाची पातळी समान करण्यात आहे. माणसाचा कान कमी आवाजाला बास आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले होते. त्यामुळे दोनपैकी एक ॲम्प एखाद-दोन डेसिबलने जरी मोठा असला तरी तो 'मोठा' न वाटता 'भरदार' वाटतो आणि आपण त्या फरकाचे श्रेय त्याच्या सर्किटला देऊन मोकळे होतो. फोनवरच्या साध्या मापकाने का होईना, फोन एकाच जागी ठेवून दोन्ही ॲम्पची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणावी.

कॅबिनेट आणि स्पीकर एकच हवे. ही गोष्ट सर्वांना माहीत असते आणि तरी निम्म्या तुलना यातच बाद होतात, कारण बूगीचा कॉम्बो त्याच्या एका १२ इंची स्पीकरवर आणि मार्शल चार स्पीकरच्या कॅबिनेटवर ऐकला जातो. तिथे आपण दोन ॲम्पची नव्हे तर दोन पेट्यांची तुलना करत असतो. ओहमचा मेळ पाहून घ्यावा : मार्शलच्या मागे ४, ८ आणि १६ ओहमची निवड असते, तर बूगीवर ४ आणि ८ ओहमचे जॅक असतात. कॅबिनेट १६ ओहमचे असेल तर ते बूगीच्या ८ ओहमच्या जॅकला जोडता येते. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र क्षणभरही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गमावण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

हाताचा फरक घालवायचा असेल तर गिटारचा कोरा सिग्नल आधी संगणकावर ध्वनिमुद्रित करून तोच री-ॲम्प पेटीतून (मुद्रित सिग्नल ॲम्पला योग्य पातळीवर देणाऱ्या) दोन्ही ॲम्पना पाठवावा. आणि कोणता ॲम्प चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये, ही अट पाळलीत तर गटातले वाद पुष्कळ कमी होतील किंवा निदान अधिक रंजक होतील. मात्र री-ॲम्पमध्ये एक गोष्ट निसटते, ती म्हणजे गिटारच्या व्हॉल्यूम नॉबला ॲम्प कसा प्रतिसाद देतो. ती वेगळी तपासावी. गिटारचा नॉब दहावरून चारवर आणला की २२०३ जवळजवळ स्वच्छ होतो, तर बूगीचा लीड चॅनल हट्टाने फाटलेलाच राहतो, कारण स्वच्छ आवाजासाठी त्याच्याकडे पायाने बदलता येणारा वेगळा चॅनल आहे.

नॉबचे आकडे समान ठेवणे ही काटेकोर पद्धत नव्हे, हे वरच्या पत्रावरून लक्षात आलेच असेल.

प्रश्न : फरक व्हॉल्व्हचा आहे असे ऐकले होते. मार्शलमध्ये ईएल३४ आणि बूगीमध्ये ६एल६, म्हणून टोन वेगळा. हे खरे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : थोडे खरे. ईएल३४ लवकर फाटतो आणि मध्य भाग पुढे करतो, ६एल६ची बास जास्त भक्कम असते. पण घरात किंवा तालमीच्या खोलीत मास्टर दोन-तीनवर असताना पॉवर व्हॉल्व्ह (म्हणजे हेच ईएल३४, ६एल६) फाटण्याच्या जवळपासही जात नाहीत आणि ऐकू येणारे जवळजवळ सगळे डिस्टॉर्शन प्रीॲम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यांच्या, १२एएक्स७ व्हॉल्व्हमध्ये तयार झालेले असते. शिवाय हे समीकरण दोन्ही बाजूंनी मोडते. अमेरिकेत त्या काळी पाठवलेल्या अनेक मार्शलमध्ये ईएल३४ऐवजी ६५५० बसवलेले असत आणि ते आणखी उशिरा फाटतात. तिकडे सायमल-क्लास प्रकारच्या बूगीमध्ये मधल्या दोन सॉकेटांत ६एल६ आणि बाहेरच्या दोन सॉकेटांत ईएल३४ एकत्र चालतात. म्हणून अमेरिकेतून आलेला २२०३ तुलनेसाठी घेतला असेल तर त्यात कोणते व्हॉल्व्ह आहेत हे आधी पाहावे.

प्रश्न : माझ्याकडे फक्त २२०३ आहे आणि टू सी प्लस माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मार्शलमधून बूगीसारखा घट्टपणा काढता येईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बराचसा काढता येईल आणि १९८०च्या दशकातल्या मेटल वादकांनी तो काढलाही. आजच्या मापाने २२०३ फार गेनचा ॲम्प नाही. १९९२ मध्ये आलेल्या पीव्ही ५१५० किंवा मेसाच्या रेक्टिफायरपुढे तो मवाळच वाटतो. म्हणून त्याच्या पुढे आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह पेडल लावण्याची पद्धत पडली, ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल पूर्ण वर ठेवून. असे केल्याने गेन वाढतो हे तर सर्वांना कळते; त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना वरच्यांइतकी वाढ देत नाही. म्हणजेच बूगीवर बासचा नॉब एकवर ठेवून जे साधते, तेच काम इथे ॲम्पच्या बाहेर, इनपुटच्या आधी होते. पुढे मार्शलचा बास आणि प्रेझेन्सचा (वरच्या स्वरांचा) नॉब निःसंकोच वाढवावा, कारण ते फाटण्यानंतरचे आहेत.

उरते ती बूगीच्या इक्वलायझरची उणीव. मूळ २२०३ला इफेक्ट्स लूप नसल्यामुळे प्रीॲम्प आणि पॉवर विभागाच्या मध्ये इक्वलायझर घालता येत नाही. लूप बसवून देणारे तंत्रज्ञ आहेत, पण अस्सल राहिलेल्या जुन्या ॲम्पला भोके पाडण्याच्या मी विरुद्ध आहे. ध्वनिमुद्रणात ७५० हर्ट्झचा खळगा मिक्सिंगच्या वेळी करता येतो, तेवढ्यावर भागवावे. आणि खरे तर मार्शलला बूगी करण्याचा अट्टहास कशासाठी? मेटॅलिकाने १९८६च्या अल्बमसाठी मार्क टू सी प्लस वापरला आणि त्या ॲम्पची कीर्ती पसरली, हे खरेच. पण त्याच पिढीतल्या स्लेअरच्या केरी किंग यांनी २२०३ सोडला नाही आणि पुढे मार्शलने त्यांच्या नावाची २२०३ची आवृत्तीही काढली. दोन्ही तितकेच जड, दोन्ही वेगळे.

तरीही बूगीच हवा असेल तर मेसाने २०१६ मध्ये गिटारवादक जॉन पेट्रुची यांच्यासाठी टू सी प्लसवर आधारलेला जेपी-टूसी काढला होता आणि अलीकडे मूळ ॲम्पचीही नवी आवृत्ती आणली आहे. संगणकावरच्या प्रतिकृतींचाही पर्याय आहे. त्यांतही नॉबचा क्रम मूळ ॲम्पसारखाच बसवलेला असतो, तेव्हा तिथेही बास पाचावर ठेवू नये.

प्रश्न : अमेरिकेतल्या माझ्या भावाला तिथे एक टू सी प्लस विकत मिळतो आहे. तो इथे आणला तर २३० व्होल्टवर चालेल का? आणि तो खरोखर 'प्लस' आहे हे कसे ओळखावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : अमेरिकेसाठी बनलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो आणि तो थेट आपल्या सॉकेटमध्ये लावला तर फ्यूज उडून सुटका झाली तरी नशीब समजावे. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, किमान ५०० व्हीएचा, खरा तांब्याचा वेटोळा असलेला आणि अर्थिंगसह. केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथे चालत नाहीत. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते पण आपले ५० हर्ट्झ ६० होत नाहीत, त्यामुळे ॲम्पचा आतला पॉवर ट्रान्सफॉर्मर तिथल्यापेक्षा जरा जास्त तापू शकतो. तासाभराच्या वादनानंतर हात लावून पाहावे. हात ठेववत नसेल तर ५० हर्ट्झसाठी बनवलेला एक्स्पोर्ट ट्रान्सफॉर्मर बसवून घेण्याचा विचार करावा. हे काम स्वतः करू नये. प्लग काढून ठेवल्यावरही आतल्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

ओळखीबाबत सांगायचे तर टू सी प्लस १९८०च्या दशकाच्या मध्यात अगदी थोडा काळ बनला आणि १९८५ मध्ये मार्क थ्री आल्यावर थांबला. कारखान्यात तपासणी झाल्यावर मागच्या बाजूला, विजेची वायर जिथून बाहेर येते तिथे, काळ्या पेनाने हाताने '+' अशी खूण केली जाई. पण पेन कोणाकडेही असतो. काही टू सी (प्लसच्या आधीचे मॉडेल) नंतर कारखान्यातच सुधारून प्लस केले गेले आहेत, तर काहींवर नुसतीच खूण आहे. म्हणून भावाने पैसे देण्याआधी अनुक्रमांक मेसाला कळवून नोंद विचारावी, चेसिस बाहेर काढून आतल्या सर्किटचे आणि ट्रान्सफॉर्मरवरच्या आकड्यांचे फोटो मागावेत आणि विकणारा त्याला तयार नसेल तर ॲम्प कितीही चांगला वाजत असला तरी तो टू सीच्या किमतीतच घ्यावा.